मॅब्रीची बालवाडी

“बस ना रे बाळा. उभ्याउभ्या काय खातोस?” मी पुन्हा म्हटलं, तरी तो मुलगा ओट्याला टेकून उभाच राहिला.

“नको मॅम. बरं आहे असंच.”

“त्याला उभं राहायला आवडतं, मिस अर्नी,” डेव्हियन म्हणाला आणि हसला. स्वतः मात्र तो टेबलाशी ऐसपैस बसून मक्याच्या कण्यांवर लोणी सोडत होता.

रविवारची सकाळ होती. दुपारी कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या नवऱ्याचा, लूशस मॅब्रीचा, सत्कार होता. हॉलबाहेर मांडायला आमच्या घरातले जुने फोटो न्यायचे म्हणून ही दोघं आली होती. डेव्हियन फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मंडळाच्या, इथल्या शाखेचा यंदाचा अध्यक्ष. उंच, नीटनेटका, बोलण्यात साखर. दुसऱ्याचं नाव कीनान हॉलोवे, डोथनहून शिकायला आलेला. यंदा पाच नवी मुलं फ्रॅटर्निटीत येऊ घातली होती, त्यांतला हा एक. पोरगा तसा दांडगा, पण सकाळपासून चालत होता ते काचांवरून चालल्यासारखा.

मी आयुष्यभर दुसरीच्या वर्गाला शिकवलं आहे. मूल बाकावर बसायला का नको म्हणतं, ते मला कुणी सांगावं लागत नाही. तरी आजचा दिवस असा, की मी मनाला म्हटलं, गप्प बस, अर्नेस्टीन. आणि त्याच्या ताटात आणखी एक सॉसेज वाढताना सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तापलेल्या तव्याला बोट लागावं तसा तो आक्रसला. हातातला काटा खाली पडला.

लूशस दारात उभा होता, छातीशी एक मोठी फ्रेम धरून. त्याने ते पाहिलं.

“पाठीला काय झालं?” त्याने विचारलं.

“पडलो सर. बास्केटबॉल खेळताना.”

“उताणा?”

कीनानने डेव्हियनकडे पाहिलं. “हो सर. उताणाच.”

“ब्रदर मॅब्री, आजच्या दिवशी तरी आमची काळजी सोडा हो,” डेव्हियन उठत म्हणाला. “आज तुमचा दिवस आहे. तुम्ही फक्त छान दिसायचं आणि खुर्चीवर बसायचं.” त्याने फ्रेम लूशसच्या हातातून काढून घेतली आणि ती कीनानच्या हातात दिली. मग पायऱ्या उतरताना, आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्याला म्हणाला, “चल, तोंड सरळ कर. आजची रात्र काढलीस की सुटलास.”

आम्हा दोघांनाही ऐकू गेलं.

गाडी वळून गेली तरी लूशस ओसरीवरच. मग आत आला, फ्रिज उघडला, काही न घेता लावला. परसात गेला. नळ सोडला, बंद केला. परत आला तेव्हा त्याच्या चांगल्या बुटांना चिखल लागला होता.

“पाहिलंस ना तू?” तो म्हणाला.

“पाहिलं.”

“म्हणजे पुन्हा सुरू झालं, अर्नी.”

हे ‘पुन्हा’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या तरुणपणी या फ्रॅटर्निटीत शिरायचं म्हणजे मार खायचा, असा रिवाजच होता. कागदावर तो कधीच नव्हता, मारणारे तो पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच पुढे देत. काठ्यांनी, फळ्यांनी, रात्र-रात्र. लूशसने खाल्ला होता. त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांनीच खाल्ला होता आणि म्हातारपणीही लग्नकार्यात भेटले की वळ जणू पदकं असल्यासारख्या त्यांच्या गोष्टी सांगत. मग एका वर्षी एका मुलाची किडनी गेली. कॉलेजने शाखेला कुलूप लावलं. जो तो हात झटकून मोकळा झाला. वकील झालेले, डॉक्टर झालेले, मोठमोठे भाऊ आपण कधी शाखेच्या इमारतीच्या पायरीवरसुद्धा उभे नव्हतो असं बोलायला लागले.

तेव्हा माझा नवरा नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून होता. बिलांच्या तक्रारी ऐकायच्या, नळजोडण्या तोडायचे आदेश काढायचे, ही त्याची नोकरी, आणि ती त्याने निवृत्त होईपर्यंत केली. शाखा पुन्हा उघडा म्हणून कॉलेजच्या दारात तोच गेला. एकदा नाही, दोन वर्षं जात राहिला. शेवटी ते म्हणाले, जबाबदारी कोण घेणार? हा म्हणाला, मी.

त्याने एकच नियम केला. कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. त्याऐवजी नव्या पोरांनी शनिवारी गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या, छपरं शाकारायची, माझ्या शाळेत येऊन अडखळणाऱ्या मुलांना वाचून दाखवायचं आणि रविवारी रात्री आमच्याकडे जेवायला यायचं. त्या जेवणांमुळे आमचं स्वयंपाकघर कायमचं त्यांचं झालं. किती पोती पीठ मळलं असेल मी, देव जाणे.

जुन्या भावांना ते मुळीच पटलं नाही. “मार न खाता भाऊ? मग तो कागदावरचा भाऊ,” म्हणायचे. आमच्या शाखेला त्यांनी नाव ठेवलं, मॅब्रीची बालवाडी. राज्यभराच्या मेळाव्याला गेलो की कुणीतरी हमखास विचारायचं, “काय लूशस, पोरांची दुधाची बाटली आणलीस का?” आणि बाकीचे टेबलं बडवून हसायचे. काहीजण त्याच्याशी हात मिळवत नसत. त्यांच्या हात मिळवण्याची एक खास पद्धत असते, तसा हात ते याला देत नसत. साध्या परक्या माणसाला देतात तसा हात पुढे करायचे. घरी येताना गाडीत हा एक शब्द बोलायचा नाही, पण त्या रात्री झोपेत त्याचा उजवा हात उघडझाप करायचा.

तरी तो टिकला. बालवाडीतली पोरं शिक्षक झाली, न्यायाधीश झाली, एक जण तर आमचा पाद्रीच झाला. त्याच्या तोंडावर मारले जाणारे टोमणे हळूहळू थांबले. आणि आता त्याच माणसाचा सत्कार करायला लांबलांबून माणसं येणार होती. मला विचाराल तर मी वर्षभर या दिवसाची वाट पाहत होते. शेवाळी रंगाचा नवा ड्रेस शिवून घेतला होता. म्हणून लूशस म्हणाला, “मी आत्ता कॉलेजला फोन लावतो,” तेव्हा मी म्हटलं, “आधी हार्लनशी बोल.”

हार्लन ब्रूस्टर म्हणजे लूशसचा कॉलेजपासूनचा दोस्त. दातांचा डॉक्टर, माजी सदस्यांच्या मंडळाचा प्रमुख, आणि आजचा सगळा घाट त्यानेच घातलेला. चर्च सुटल्यावर आम्ही त्याला पार्किंगमध्ये गाठलं. लूशसने सांगितलं. हार्लनने टोपी काढली, कपाळ पुसलं.

“पोरगा स्वतः म्हणाला का, मारलं म्हणून?”

“नाही. पडलो म्हणाला.”

“मग पडला असेल.”

“हार्लन, तू आणि मी असेच पडलो होतो. आठवतं?”

हार्लनने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग त्याने लूशसचा दंड धरला. “हे बघ. अडीचशे माणसं जेवायला येतायत. कुणी डेट्रॉइटहून आलंय, कुणी ह्यूस्टनहून. तू आज फोन केलास तर कॉलेज आजच्या आज दार लावेल. सत्कार राहू दे, तू उभं केलेलं सगळं एका दुपारीत जाईल. सोमवारी मी स्वतः त्या डेव्हियनचा कान धरतो. सोमवारपर्यंत थांब.”

“आज रात्री त्यांचं काहीतरी आहे.”

“मी सांगतो पोरांना. आज रात्री कुणी कुठे जाणार नाही. झालं?”

लूशसने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रेसची बाही सारखी करत होते, आणि त्याने तेवढं ओळखलं.

“सोमवार,” तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बूट पुसले, घातले, काढले, दुसरे घातले. जेवायला बसला आणि उठला. एकदा गाडीच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडला आणि कुठे निघालास विचारलं तर म्हणाला, “पेट्रोल भरून येतो.” टाकी भरलेलीच होती. बऱ्याच वेळाने आला. कॉलेजच्या वसतिगृहापाशी जाऊन गाडीत बसून आलो, म्हणाला. आत गेलो नाही.

“का नाही गेलास?”

“जाऊन काय म्हणणार? सोमवारी येतो म्हणू?”

हॉल सुंदर सजवला होता. फ्रॅटर्निटीच्या रंगांचे, मरून आणि चंदेरी, पडदे. टेबलांवर तळलेलं चिकन, पालेभाजी, रताळ्याचे पाई. दाराशी आमच्या घरचे फोटो ओळीने मांडलेले. एकेक जण येऊन लूशसला मिठी मारत होता. “ब्रदर मॅब्री, तुम्ही नसता तर मी आज तुरुंगात असतो.” “मिस अर्नी, तुमच्या हातच्या पावांची अजून स्वप्नं पडतात हो.” ज्यांनी त्याला कधी नीट हात दिला नव्हता असे दोघं-तिघं पांढऱ्या केसांचे जुने भाऊही आले होते. त्यांनी आज खास पद्धतीने हात दिला. लूशसने घेतला, पण त्याचं लक्ष त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे होतं.

पलीकडे भिंतीलगत ती पाच नवी मुलं उभी होती. एकसारखे काळे सूट, हात पाठीमागे, नजर समोर. ती सगळी सरळ समोर पाहत होती, कीनान मात्र कुठेच पाहत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि वरच्या ओठावर घाम डवरला होता. हॉलमध्ये तर मला शाल घ्यावी लागली होती, इतका गारवा.

आम्हाला व्यासपीठावर बसवलं. हार्लन माइकपाशी गेला. आवाज त्याचा पहिल्यापासून भारदस्त.

“बंधूंनो, भगिनींनो. काही माणसं इमारती बांधतात. आमच्या या भावाने माणसं बांधली…”

टाळ्या झाल्या. टेबलाखाली लूशसचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटत होता.

“…एक काळ असा होता की या शाखेला कुलूप होतं. तेव्हा हा माणूस एकटा पुढे आला, आणि म्हणाला, यापुढे इथे कुणी कुणावर हात उचलणार नाही…”

पहिल्या टेबलावरून डेव्हियन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

लूशस उठला.

हार्लनला वाटलं, टाळ्यांना मान द्यायला उठला. त्याने हसून हात पुढे केला. लूशस त्याच्याजवळून गेला, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला आणि टेबलांमधून वाट काढत भिंतीकडे निघाला. टाळ्या आधी वाढल्या, मग विरल्या, मग एकदम थांबल्या. अडीचशे माणसं मान वळवून पाहत होती.

“कीनान,” लूशस म्हणाला. हॉल इतका शांत झाला होता की त्याचा साधा आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला. “सकाळपासून लघवीला गेलास?”

मुलाने होय म्हणून मान हलवली.

“रंग कसा होता?”

मुलाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून डेव्हियनकडे पाहिलं. लूशस बाजूला सरकला आणि त्या दोघांच्या मध्ये असा उभा राहिला की डेव्हियन त्याला दिसू नये.

“मला सांग. रंग कसा होता?”

“लाल, सर.” आणि मग कोवळ्या आवाजात, “कोकाकोलासारखा.”

“चल.”

“सर, मला सोडून जाता यायचं नाही. मी गेलो तर बाकीच्या चौघांना…”

“ते पण येतील. चला रे सगळे.”

डेव्हियन उठून आडवा आला. चेहऱ्यावर अजून ते साखरेचं हसू. “ब्रदर मॅब्री, काय चाललंय हे? लोक बघतायत. काही गैरसमज झालाय तुमचा.”

“बाजूला हो.”

“आम्ही जे केलं ते तुमच्या पिढीनेच केलं होतं ना? तुम्हीही खाल्लात. आणि आमच्यावर हसतात, माहितीये तुम्हाला? अख्ख्या राज्यात बालवाडी म्हणतात आम्हाला!”

“मला म्हणायचे,” लूशस म्हणाला. “तुझ्या जन्माआधीपासून म्हणतायत. तेवढं तुला सोसलं नाही?”

डेव्हियन बाजूला झाला. मी पर्स उचलली आणि नव्या ड्रेसची पर्वा न करता पायऱ्या उतरले. मागे माइकवर हार्लनने काहीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. मी वळून पाहिलं तेव्हा तो हातातला कागद घेऊन नुसता उभा होता आणि शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या होत्या.

मुलं गाडीत कशीबशी कोंबली. कीनान मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंड मागच्या काचेकडे करून बसला, कारण त्याला दुसऱ्या कुठल्याच रीतीने बसवेना.

इस्पितळात त्याला लगेच आत घेतलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, मार किडनीला लागला आहे, काही दिवस ठेवावं लागेल, पण वेळेवर आणलंत. बाकीच्या चौघांनाही तपासायला नेलं. लूशसने कीनानकडून त्याच्या आईचा नंबर घेतला आणि तिला फोन केला. मग लगेच दुसरा नंबर फिरवायला लागला, तेवढ्यात हार्लन धापा टाकत आला. सूट घामाने भिजलेला.

“कसा आहे पोरगा?”

“जगेल.”

“देवाची कृपा.” तो मटकन बसला. मग त्याची नजर लूशसच्या हातातल्या फोनकडे गेली. “कॉलेजला?”

“हो.”

“लूशस, पोरगा वाचला. डेव्हियनला आपण काढून टाकू. त्याच्या साथीदारांना काढू. आपलं आपण घर साफ करू. फोन केलास तर शाखाच बंद. या वेळी दोन वर्षांवर भागणार नाही. आपण पुन्हा उघडलेली पाहायला असू का?”

“नसू.”

“आणि तरी?”

“त्या वेळी ज्याची किडनी गेली त्या मुलाच्या बापाला मी सांगितलं होतं, पुन्हा होणार नाही. त्याला आता काय सांगू? आमच्या घरातलं आम्ही बघतो?”

हार्लनने डोळ्यांवर हात ठेवले. लूशसने नंबर फिरवला आणि फोनवर आलेल्या कॉलेजच्या अधिकारी बाईंना सगळं सांगितलं. कोण, कुठे, कधी, त्याला माहीत होतं तेवढं. आवाज अगदी पाणी खात्यात तक्रार लिहून घेतानाचा होता. शेवटी त्या काहीतरी म्हणाल्या, त्यावर हा म्हणाला, “हो. कळतंय मला. इमारतीच्या किल्ल्या उद्या सकाळी आणून देतो.”

फोन ठेवल्यावर तो हार्लनच्या शेजारी बसला. दोघं म्हातारे बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग हार्लन उठला. जाताना त्याने हात पुढे केला. कसा हात दिला ते मी पाहिलं नाही. मुद्दामच दुसरीकडे बघत होते.

कीनानची आई आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती एका वृद्धाश्रमात कामाला होती, ड्यूटीवरून तशीच निघाली होती, अंगात निळा गणवेश आणि पायात रबरी सोलचे बूट. लूशस उभा राहिला. तिची नजर त्याच्या कोटावरच्या मरून-चंदेरी फितीवर पडली आणि ती जागच्या जागी थांबली.

“तुम्ही त्यांच्यातलेच ना?”

“हो, मॅम.”

“माझ्या मुलाने मला सांगितलं होतं, मम्मा, इथे मारत नाहीत. इथले म्हणे एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते मारू देत नाहीत. त्यांचा सत्कार आहे म्हणून काळा सूट पाहिजे म्हणाला. मी जादा पाळ्या करून सूट घेतला त्याला.” तिचा आवाज चढला. “कुठे आहेत ते गृहस्थ?”

मी तोंड उघडलं. सांगणार होते तिला, की बाई, यांनीच आणला गं तुझ्या मुलाला, सगळा समारंभ टाकून आणला. लूशसने माझ्याकडे न पाहताच हात आडवा केला.

“मीच तो,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं, आता थोबाडीत मारेल, आणि मारली तर मी मध्ये पडणार नाही. पण ती तशीच आत गेली.

तासाभराने बाहेर आली. डोळे सुजलेले. आमच्या ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर बसली आणि पर्स मधल्या खुर्चीवर ठेवली. बूट काढून पाय जमिनीला टेकले.

“तुम्ही अजून इथे काय करताय?” तिने विचारलं. रागाने नाही, थकून.

“बसलोय,” लूशस म्हणाला. “जा म्हणालात तर जातो.”

थोड्या वेळाने तिने मधल्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली. लूशस त्या खुर्चीकडे सरकला नाही. कोटावरची फीत काढलीही नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, मुलाला आत नेलं होतं त्या दाराकडे पाहत, तो आपल्या जागी ताठ बसून राहिला.